नंबर लागतो कसा? पंचवीस टक्क्यांच्या सोडतीचं साधं गणित



मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले आणि विषय निघाला लेकरांच्या शाळेचा. एक जण म्हणाली, "शेजारणीच्या पोराचा इंग्रजी शाळेत फुकट नंबर लागला, माझ्या पोरीचा नाही. त्याला ओळखच लागते." दुसरी हळूच म्हणाली, "मला एकानं सांगितलंय, पैसे दे, नंबर लावून देतो." त्यासाठी ती गटातून कर्ज काढणार होती! म्हणून आज आम्ही हे गणित उलगडून सांगणार आहोत.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला आपण आरटीई म्हणतो. खाजगी विनाअनुदानित शाळेनं सुरुवातीच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, असं तो सांगतो. त्या मुलांची आठवीपर्यंतची फी शासन शाळेला देतं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हे लागू नाही.

सुरुवातीचा वर्ग कुठं नर्सरी असतो, तर कुठं पहिली. ज्या शाळेच्या जागा नर्सरीला दाखवल्यात, तिथं पहिलीचा अर्ज चालत नाही. म्हणून आधी तेवढं बघायचं. वयाची अटही त्यावरच ठरते. नर्सरीला ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण हवीत, पहिलीला सहा.

आता गणित. समजा, एका शाळेत पहिलीला ४० मुलं घेतात. त्यांतल्या १० जागा आरटीईच्या. सोडतीत आधी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा विचार होतो. त्यांचे अर्ज आठच आले, तर आठांनाही जागा मिळते. उरल्या दोन. त्या एक ते तीन किलोमीटरवाल्यांना. त्यांचे अर्ज वीस असतील, तर दोन जागांवर वीस लेकरं, म्हणजे दहातून एकाचा नंबर. आणि जवळचेच चाळीस अर्ज आले, तर तिथंच चारांतून एकाला जागा, लांबच्यांना काहीच नाही.

बघा, एकच शाळा, एकच सोडत, पण गावठाणातल्या लेकराला संधी वेगळी आणि मळ्यातल्या वस्तीवरच्या लेकराला वेगळी. माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मोडनिंब कुठंही राहा, हिशोब हाच. शेजारणीचा नंबर लागला तो ओळखीनं नाही. सोडत राज्यासाठी एकत्र, संगणकावर निघते. तिथं गावातल्या कुणाचाही हात पोचत नाही. अर्जालाही पैसे लागत नाहीत. नंबर लावतो म्हणणारा पैसे घेईल, आणि नंबर आपसूक लागला तर श्रेयही घेईल.

सोडत आपल्या हातात नाही, पण अर्ज आहे. एका अर्जात दहापर्यंत शाळा निवडता येतात. नावाजलेली एकच शाळा धरून बसू नका, जवळच्या सगळ्या भरा. एका लेकराचा एकच अर्ज करा. दोन भरले तर दोन्ही बाद होण्याची भीती असते. सेवा केंद्रात अर्ज भरताना शेजारी बसा आणि नकाशावरची खूण आपल्याच घरावर आहे ना, ते डोळ्यांनी बघा. खूण चुकली की अंतर चुकतं. मग नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द होतो.

कागद आधीच काढून ठेवा. जन्माचा दाखला आणि राहण्याचा पुरावा सगळ्यांनाच लागतो. अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, ओबीसी यांना जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना तहसीलदारांचा एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज भरल्यावर मेसेजची वाट बघत बसू नका. अर्ज क्रमांक जपून ठेवा आणि पोर्टलवर स्वतः तपासा. प्रतीक्षा यादीतलं नावही सोडू नका. कुणी मुदतीत प्रवेश घेतला नाही, तर ती जागा पुढच्याला मिळते.

नियमावरही लक्ष ठेवायला हवं. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनानं नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. जिल्हा परिषदेची शाळा तर गावोगाव आहे, मग जागा उरणार कुठं? पालक उच्च न्यायालयात गेले. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयानं तो बदल रद्द केला. आपल्यासारख्याच आईबापांनी दाद मागितली, म्हणून आज या जागा आहेत.

आता शेवटचं. नंबर लागला तरी गाडी, गणवेश, पुस्तकं यांचा खर्च शाळेत आधी विचारा. आठवीनंतरच्या फीचाही विचार करा. आणि नंबर नाही लागला, तर लेकरू मागं पडलं असं समजू नका. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत सेमी इंग्रजी आहे. बाकी शिक्षण मराठीत, गणित-विज्ञान इंग्रजीतून. तिथं सोडत नाही, फी नाही, दुपारचं जेवण आहे. सेमीचा वर्ग आहे का आणि इंग्रजीतून कोण शिकवतं, हे शाळेत जाऊन विचारा. नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीत मागणी करा. त्या समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात.

त्या मैत्रिणीनं कर्ज काढलं नाही. पुढच्या बैठकीला तुमच्या लेकरांचे जन्मदाखले घेऊन या. कुणाचा कोणता कागद राहिलाय, ते मिळून बघू.