बिनतारी इअरबड परक्या मोबाइलशी का जुळत नाहीत?

आपल्या पेठेतील पुष्कळ दुकानांतून आता गादीवर बसलेल्या मालकाच्या कानात एक इवलीशी गुळी दिसते, व समोर कोणी नसताना त्यांचा भावताव चाललेला असतो. अपरिचित माणसास हे दृश्य प्रथम चमत्कारिक वाटते. आम्हां व्यापाऱ्यांस त्याची सवय होऊन गेली आहे. पुण्याबंगळुरास नोकरीवर असलेली मुले दिवाळीस घरी येताना वडिलांसाठी अशी जोडी आणतात, अथवा स्वतःची जुनी जोडी आईस प्रवचन ऐकण्यासाठी देतात. अडचण उद्भवते ती येथेच. इअरबड एका कंपनीचे असतात, घरातील मोबाइल दुसऱ्या कंपनीचा असतो, आणि काही केल्या त्या दोहोंची जुळणी होत नाही. मग ती डबी कपाटात पडून राहते, किंवा कोणी विक्रेता सांगतो की, "हा माल त्या फोनवर चालतच नाही, फोन बदला." आमच्या परिचयाच्या एका सभासदांनी अशा सल्ल्यावरून नवा मोबाइल घेण्याची तयारीही केली होती. वस्तुतः त्यांच्या घरी दोष ना इअरबडात होता, ना फोनात. पाच मिनिटांत काम झाले.

धान्याच्या व्यापाऱ्याने या विषयावर लिहावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु सभासदांकडून हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर जाणण्यास इंजिनिअर होण्याची आवश्यकता नाही. माल पारखण्याची सवय तेवढी पुरेशी आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, मोबाइल व इअरबड यांचे संभाषण ज्या बिनतारी पद्धतीने चालते, ती कोणा एका कंपनीची मालमत्ता नव्हे. तिचे नाव ब्लूटूथ. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास या कामास आरंभ झाला, आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन तिच्यासाठी एक संघ स्थापन केला. ब्लूटूथ म्हणजे निळा दात! दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला, त्याचे हे टोपणनाव. त्याने विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखाली आणल्या, म्हणून निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकत्र आणणाऱ्या पद्धतीस त्याचे नाव दिले गेले, आणि तिचे चिन्हही त्याच्या नावाच्या जुन्या लिपीतील दोन आद्याक्षरांवरून बनविलेले आहे.

आपल्या वडीलधाऱ्यांनी पायली, शेर व मण यांचा काळ पाहिलेला आहे. एका गावचा मण दुसऱ्या गावच्या मणाशी जुळत नसे, व परगावचा माल घेताना प्रथम 'शेर कोणता' हे विचारावे लागे. १९५६ चा कायदा झाला, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, आणि तो घोळ मिटला. ब्लूटूथ हे बिनतारी यंत्रांचे तसलेच सर्वमान्य माप होय. गाणे वा प्रवचन ऐकविण्याची एक ठरलेली रीत त्यात आहे, व फोनवर बोलण्याची दुसरी ठरलेली रीत आहे. आवाज आवळून पाठविण्याची एसबीसी नावाची एक पद्धत तर संगीत ऐकविणाऱ्या प्रत्येक यंत्रास बाळगावीच लागते. यास्तव सॅमसंगचे इअरबड ॲपलच्या फोनशी व ॲपलचे इअरबड अँड्रॉइड फोनशी मूलतः जुळलेच पाहिजेत, आणि जुळतातही.

मग घोटाळा कोठे होतो? तो होतो कंपन्यांनी आपल्या घरच्या गिऱ्हाइकांसाठी केलेल्या लाडांमुळे. ॲपलने २०१६ मध्ये आपले एअरपॉड्स जाहीर केले, तेव्हा अशी सोय केली की, आयफोनजवळ डबीचे झाकण उघडताच फोनच्या पडद्यावर आपोआप चित्र उमटावे व एका स्पर्शात जुळणी व्हावी. गूगलनेही २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी याच धर्तीची व्यवस्था आणली. सोय उत्तमच, परंतु तिची सवय लागलेल्या मनुष्याने परक्या फोनाजवळ डबी उघडली म्हणजे पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि तो समजतो की माल चालत नाही. घरच्या पाहुण्यास कोणी ओळख करून देण्याची गरज नसते. परक्या घरी गेल्यावर आपले नाव आपणच सांगावे लागते, एवढाच येथे फरक आहे.

हे नाव सांगणे म्हणजेच इअरबड जुळणीच्या अवस्थेत आणणे. ज्या एअरपॉड्सच्या डबीच्या पाठीवर लहानसे बटण आहे, त्यांत दोन्ही इअरबड डबीत ठेवून, झाकण उघडे राखून, दिवा पांढरा लुकलुकू लागेपर्यंत ते बटण दाबून धरावे. एअरपॉड्स ४ व एअरपॉड्स प्रो ३ यांच्या डबीस बटणच नाही. तेथे झाकण उघडे असता डबीच्या दर्शनी भागावर दोनदा टिचकी मारावी लागते. इतर कंपन्यांत कोठे डबीवरील बटण, तर कोठे दोन्ही इअरबडांच्या बाहेरील पृष्ठभागावर काही क्षण बोट दाबून धरणे, अशी रीत असते. सोबतचा कागद पाहावा. तो कागद आपल्या घरांतून पहिल्याच दिवशी केरात जातो, हे मात्र खरे.

यानंतर अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन 'कनेक्टेड डिव्हायसेस' व त्याखाली 'पेअर न्यू डिव्हाइस' उघडावे; आयफोनवर सेटिंग्जमधील 'ब्लूटूथ' हे पान उघडून तसेच समोर ठेवावे. इअरबडाचे नाव यादीत आले की त्यावर बोट ठेवावे. काही इअरबडांचे नाव यादीत दोनदा दिसते, त्यांपैकी एकाच्या आरंभी 'एलई' अशी अक्षरे असतात. अशा वेळी सामान्यतः ती अक्षरे नसलेले नाव निवडावे. दुसऱ्यावर बोट ठेवल्यास जुळणी झाल्यासारखी दिसते, पण आवाज येत नाही, असा प्रकार काही मॉडेलांत होतो.

एवढे करूनही नाव यादीत येत नसेल, तर आमचा पहिला प्रश्न असा असतो की, या इअरबडांचा जुना फोन कोठे आहे? नव्वद वेळा विचारले तरी हाच प्रश्न प्रथम विचारावा. डबीतून बाहेर येताच इअरबड पूर्वीच्या ओळखीच्या फोनाचा शोध घेतात, आणि तो शेजारच्या खोलीत, मुलाच्या खिशात किंवा माडीवर चार्जिंगला लावलेला असला तरी मुकाट्याने त्याच्याशी जोडले जातात. एकदा तेथे जडले की नव्या फोनास ते बहुधा दिसतही नाहीत. मुलाने भेट दिलेली जोडी मूल घरी असेपर्यंत वडिलांच्या फोनशी जुळत नाही, व ते परत गेल्यावर आपोआप जुळते, या कौतुकाचे रहस्य हेच! जुन्या फोनाचे, टॅबलेटचे व लॅपटॉपचे ब्लूटूथ घटकाभर बंद करावे, म्हणजे नव्याची वाट मोकळी होते.

याची दुसरी बाजू व्यापाऱ्याने अधिक गांभीर्याने घेतली पाहिजे. पूर्वी हातरुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, तो काय विनोद होता? दोघांचा भाव तिसऱ्यास कळू नये हा त्यात हेतू होता. आज एकाच वेळी दोन फोनांशी संबंध ठेवणारे इअरबड सर्रास मिळतात. आपली जोडी पूर्वी गुमास्त्याच्या वा भागीदाराच्या फोनशी जोडलेली असेल व ती तशीच त्यांच्या हाती गेली, तर आपल्याला आलेला फोन त्यांच्या कानात वाजण्याचा संभव असतो. म्हणून जोडी दुसऱ्यास देताना आपल्या फोनातून तिची नोंद काढून टाकावी. बाजारात बसले असता अनोळखी नावाची जुळणीची विचारणा पडद्यावर आली, तर ती नाकारावी.

आता नोंदीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण जुनाट बिघाडाचे मूळ बहुधा तेथे असते. पहिल्या जुळणीच्या वेळी फोन व इअरबड एक गुप्त किल्ली ठरवितात आणि ती दोघेही आपापल्या स्मरणात ठेवतात. पुढे प्रत्येक वेळी तिच्यावरूनच एकमेकांस ओळखतात. हुंडी वटविताना पेठेत ठेवलेल्या नमुन्याशी सही ताडून पाहतात, तसेच हे आहे. आता एका बाजूने किल्ली पुसली व दुसऱ्या बाजूने जुनीच जपून ठेवली, तर सही जुळत नाही आणि व्यवहार परत फिरतो. फोन 'कनेक्ट होऊ शकत नाही' असे बजावीत राहतो. अशा वेळी एकाच बाजूने वही फाडून उपयोग नाही. फोनात त्या नावापुढील चिन्हावर बोट ठेवून 'फरगेट' निवडावे, आणि इअरबडही मूळ स्थितीस आणावेत. बटण असलेल्या जुन्या एअरपॉड्समध्ये त्याकरिता बटण सुमारे १५ सेकंद दाबून धरावे लागते. दिवा प्रथम पिवळसर व मग पांढरा लुकलुकतो. त्यानंतर जुळणी नव्याने करावी.

डावा इअरबड वाजतो व उजवा मुका राहतो, ही तक्रारही नित्याची आहे. येथे बहुधा फोनाचा संबंध नसून दोन भावंडांतच बेबनाव झालेला असतो, किंवा एकास वीजच मिळालेली नसते. दोन्ही डबीत ठेवून झाकण लावावे व थोड्या वेळाने पुन्हा काढावे. डबीच्या तळाशी असलेले धातूचे बारीक ठिपके कोरड्या कापसाने हलक्या हाताने पुसावेत. गोदामात वावरणाऱ्या आम्हां लोकांच्या खिशात पिठी, कोंडा व धूळ कायम असते; कानातील मळ त्यात मिसळला की तेथे असा थर बसतो की रात्रभर चार्जिंगला ठेवूनही इअरबड उपाशीच राहतो. पाणी वा स्पिरिट ओतू नये.

जुळणी झाली, पण प्रवचन फोनातूनच ऐकू येते व कानात काही नाही, असे असेल तर अँड्रॉइडवर त्या नावाच्या सेटिंगमध्ये फोनकॉल व मीडिया यांसाठी जी स्वतंत्र कळ असते ती पाहावी. एक चालू व दुसरी बंद असू शकते. फोनवर बोलताना आवाज एकाएकी हलक्या प्रतीचा झाला तर घाबरू नये. बोलण्याची रीत वेगळी असल्याने ते स्वाभाविक आहे.

सगळेच उपाय थकले तर नेटवर्क सेटिंग मूळ स्थितीस आणण्याचा मार्ग राहतो. आयफोनमध्ये त्याने वाय-फायचे संकेतशब्द पुसले जातात, ते आधी लिहून ठेवावेत. परंतु याच पानावर जवळच सर्व मजकूर पुसण्याचीही कळ असते, आणि घाईच्या कारागिराचा हात तिकडे जातो. ग्राहकांचे नंबर, आलेल्या ऑर्डरी, मालाच्या पावत्यांची छायाचित्रे, उधारीच्या नोंदी हे सारे आज मोबाइलमध्येच असते. एका जोडी इअरबडांपायी त्यावर पाणी सोडणे म्हणजे उंदीर मारण्यासाठी कणगी पेटविणे होय. नक्कल दुसरीकडे काढून ठेवल्याशिवाय कोणासही ती कळ दाबू देऊ नये.

परक्या फोनावर काही सुखसोयी मिळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. एअरपॉड्स अँड्रॉइडवर ऐकण्याबोलण्याचे काम करतात, पण सिरी ही त्यांची आज्ञाधारक सेविका तेथे येत नाही, आणि त्यांची अंतर्गत सुधारणा होण्यास अधूनमधून ॲपलच्याच यंत्राचा सहवास लागतो. सोनीची एलडीएसी ही उच्च प्रतीची पद्धत आयफोन ओळखत नाही. तो एसबीसी व एएसी यांवर काम भागवितो. साठीच्या पुढील आमच्या कानांस यातील भेद जाणवत नाही. ज्यांस जाणवतो त्यांनी अवश्य पैसे खर्च करावेत.

मात्र श्रवणयंत्रांची गोष्ट वेगळी आहे, आणि वृद्ध सभासदांनी ती नीट ध्यानात घ्यावी. कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांसाठी ॲपलने आपली एक स्वतंत्र पद्धत काढली व गूगलने अँड्रॉइडसाठी दुसरी. त्यामुळे एखादे महागडे श्रवणयंत्र एका प्रकारच्या फोनशी थेट जोडले जाते व दुसऱ्याशी जोडलेच जात नाही, असे खरोखरच होऊ शकते. तेथे बटणे दाबून काही साध्य होत नाही. ब्लूटूथच्या संघाने २०२० मध्ये एलई ऑडिओ नावाची नवी समाईक पद्धत जाहीर केली असून तिच्यामुळे हा भेद हळूहळू मिटेल. पण ती जुन्या यंत्रांत व जुन्या फोनांत नाही. म्हणून श्रवणयंत्र घ्यावयाचे झाल्यास आपला स्वतःचाच फोन बरोबर न्यावा, तेथल्या तेथे घरी फोन लावून दोन वाक्ये बोलून पाहावीत, आणि कोणत्या फोनशी जुळते ते बिलावर लिहून घ्यावे. इअरबडांच्या बाबतीतही वरील उपाय करून ती जोडी निरनिराळ्या कंपन्यांच्या दोन-तीन फोनांवर लावून पाहावी. एकावरही जुळली नाही तर माल सदोष समजावा, आणि मुदतीच्या आत बिलासह विक्रेत्याकडे परत न्यावा.