नकार आणि मौन

घरच्या जुन्या संगणकाचाच सर्व्हर करून त्यावर आपले दप्तर ठेवणारी माणसे आता पुष्कळ झाली आहेत. आमच्या संघटनेची सभासदनोंदही अशाच एका घरगुती यंत्रावर असते. एका सुनावणीच्या आदल्या रात्री ती कचेरीतून उघडेना. घाबरून एका सहकाऱ्याने सुचविले, "फायरवॉलच बंद करा." आम्ही ते ऐकले नाही. का ऐकले नाही, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. यंत्राला क्रमांकांची दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. दुरून आज्ञा देण्याच्या एसएसएचचे दार 22, सुरक्षित वेबपानांचे 443. कोणत्या दाराने कोणाला घ्यावयाचे, हे पहारेकऱ्याला सांगून ठेवलेले असते.

जोडणी फसली की प्रथम संदेश नीट वाचावा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे तत्काळ आले तर तो नकार होय. निरोप पोचला आहे. बहुधा त्या दाराआड सेवाच चालू नाही. बराच वेळ थांबून 'टाइम्ड आऊट' आले तर ते मौन होय. तेथे पत्ता चुकला असेल, यंत्र बंद असेल, किंवा पहारेकऱ्याने निरोप गुपचूप टाकून दिला असेल. वाटाघाटी केलेल्या माणसाला हा भेद सांगावा लागत नाही.

मग आतून बाहेर जावे. पहिली पायरी, सर्व्हरवर बसून तेथेच सेवा उघडून पाहावी. ती केवळ 127.0.0.1 या पत्त्यावर ऐकत असेल, तर ती स्वतःशीच बोलते आहे. दुसऱ्या यंत्राला ती दिसणार नाही. दुसरी पायरी, घरातल्याच दुसऱ्या यंत्रावरून पाहावे. येथे अडले तर फायरवॉलचे नियम तपासावेत, आणि हवे तेवढे एकच दार उघडावे. तिसरी पायरी, मोबाइलच्या इंटरनेटवरून पाहावे. येथेच अडले तर बहुधा राउटरकडे वळावे. राउटरचा बाहेरचा पत्ता 100.64 ते 100.127 यांनी सुरू होत असेल, तर तो पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला असतो; तेथे आपल्या फायरवॉलला हात लावून काही साधत नाही.

आम्ही तिसऱ्या पायरीवर अडलो. वीज जाऊन आल्यावर राउटरने यंत्राला नवा अंतर्गत पत्ता दिला होता, आणि बाहेरचे निरोप जुन्याच पत्त्याकडे वळविले जात होते. तो पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला आणि काम झाले. पहारा उठविला असता तर बिघाड तसाच राहिला असता, आणि शेकडो कामगारांच्या नावांची वही उघड्यावर पडली असती.

एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा. दुरून फायरवॉल चालू करण्यापूर्वी 22 ला परवानगी द्यावी, नाही तर आपणच बाहेर राहतो. आणि चौकशीशिवाय पहारेकऱ्याला कामावरून काढू नये.