वाळूत मुरलेले पाणी कसे मोजतात?

अश्दोद-अश्केलोनकडच्या आपल्या मंडळींनी पाहिलेच असेल, हिवाळ्यात साचलेले पाणी वाळूत बघता बघता मुरते. पण मुरलेले सगळेच विहिरीपर्यंत पोचत नाही. काही उन्हाने उडते, काही झाडांची मुळे पितात आणि उरलेले खाली जाते. ते उरलेले किती, हे ठाऊक नसताना उपसा वाढला की किनाऱ्याच्या विहिरींत समुद्राचे खारे पाणी शिरते. म्हणून हा हिशेब महत्त्वाचा.

कोकणात आषाढ लागला की वाडीतली विहीर भरलेली दिसे, मोजायला कोण जातो? इथे किनारपट्टीवर पाणी पुष्कळ ठिकाणी कित्येक मीटर खोल असते. वाळूतून ते वर्षाला एखाद-दोन मीटरच उतरते. म्हणजे आपल्या नातवाच्या जन्मवर्षीचा पाऊस अजून वाटेतच असायचा!

पाण्याचे सगळे कण सारख्या वजनाचे नसतात. साधारण पाचशे कणांत एकाचा ऑक्सिजन थोडा जड असतो. काही थोड्या कणांत हायड्रोजन जड असतो. ऊन लागले की हलके कण आधी उडतात, जड मागे राहतात. त्यामुळे उन्हाळ्याअखेर मातीच्या वरच्या थरातले पाणी 'जड' झालेले असते. मग योरे, म्हणजे पहिला पाऊस येतो. रांगेत मागचा माणूस पुढच्याला ढकलतो, तसे नवे पाणी या जुन्या पाण्याला खाली ढकलते. जड थर ही त्या उन्हाळ्याची खूण.

शास्त्रज्ञ जमिनीत नळी घालून मातीचा लांब गाभा काढतात, थोड्या थोड्या अंतरावरच्या मातीतले पाणी काढून तपासतात. समजा, दोन उन्हाळ्यांच्या खुणांमध्ये दीड मीटर अंतर आहे आणि त्या मातीत दहा टक्के पाणी आहे. तर वर्षाला १५० मिलिमीटर पाणी खाली गेले. एका दुनामला १५० घनमीटर. पाऊस ५०० मिलिमीटर पडला असेल, तर तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! मुळे पाणी पितात तेव्हा जड-हलके निवडत नाहीत, पण त्यांनी प्यायलेले पाणी या हिशेबातून आपोआप वजा झालेले असते.

जमिनीला भेगा असल्या तर मात्र पाणी रांग मोडून थेट खाली धावते, तिथे ही पद्धत फसते.

आपल्या देशात पाण्याच्या या अभ्यासाचा पाया रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतले योएल गात यांनी घातला. किनेरेतचे पाणी उन्हाने आधीच जड झालेले असते. १९६४ पासून ते राष्ट्रीय जलवाहिनीने दक्षिणेकडे येऊ लागले, पार्देसांना आणि शेतांना मिळू लागले. म्हणून एखाद्या विहिरीचे पाणी पावसाचे आहे की शेतातून झिरपलेल्या किनेरेतच्या पाण्याचे, हेही त्याच वजनावरून ओळखता येते.