विश्लेषण : ‘फोर बाय फोर’साठी शॉकअप कसा निवडावा? ब्रँडआधी वजनकाटा का गाठावा?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी ताम्हिणी, मुळशी, मावळच्या दिशेने निघणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांच्या रांगा दिसू लागतात. २०२० मध्ये ‘महिंद्रा थार’ची दुसरी पिढी आणि २०२३ मध्ये ‘मारुती सुझुकी जिम्नी’ बाजारात आली. पुण्याच्या ‘फोर्स मोटर्स’ची ‘गुरखा’ही या शर्यतीत आहेच. गाडी घरी आली की मालकाचा पहिला मोठा खर्च बहुधा टायरवर होतो आणि दुसरा शॉक ॲब्सॉर्बरवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअपवर. चार शॉकअपचा संच काही हजारांपासून लाखापुढेही जातो. तरीही महागडा संच बसवल्यावर गाडी आधीपेक्षा आदळू लागली, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. ओल्या घाटरस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहिले नाही तर ब्रेकही नीट लागत नाही. त्यामुळे प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

शॉकअपचे काम नेमके काय?

शॉकअप गाडीचे वजन पेलतो, हा सर्वात मोठा गैरसमज. वजन पेलते ती स्प्रिंग किंवा जुन्या गाड्यांतले पाटे. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि साठवलेली ताकद परत फेकते. तिला कोणी आवरले नाही तर गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ वरखाली होत राहील. ते आवरण्याचे काम शॉकअप करतो. तेलाने भरलेल्या नळीत दट्ट्या वरखाली होतो, दट्ट्यातील बारीक छिद्रांतून आणि पातळ पोलादी चकत्यांमधून तेल ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खडबडीत रस्त्यावर तासभर चाललेल्या गाडीचा शॉकअप हात भाजेल इतका तापतो, तो याच कारणाने.

गाडी मागून खाली बसत असेल तर नवा शॉकअप लावून ती वर येणार नाही. दोष स्प्रिंगचा असतो किंवा मागे लादलेल्या सामानाचा. जास्त दाबाचा गॅस असलेले काही शॉकअप गाडी किंचित उचलतात, पण तो दुय्यम परिणाम. त्यासाठी शॉकअप घेणे म्हणजे नळ गळतो म्हणून बादली बदलण्यासारखे आहे.

सह्याद्री आणि लडाखसाठी निवड वेगळी का?

शॉकअपचा विरोध दट्ट्याच्या वेगावर अवलंबून असतो. दट्ट्या हळू सरकला तर विरोध कमी, वेगाने सरकला तर जास्त. निवडीचा गाभा इथेच आहे.

मावळातल्या किंवा कोकणातल्या वाटांवर गाडी ‘फोर लो’मध्ये माणसाच्या चालीने जाते. काळ्या पाषाणाच्या पायऱ्या, जांभ्याचे उंचवटे, लाल चिखलातल्या खोल चाकोऱ्या. इथे दट्ट्या सावकाश सरकतो आणि शॉकअप फारसा तापत नाही. अशा ठिकाणी त्याच्या आतल्या तंत्रज्ञानापेक्षा त्याची लांबी मोलाची ठरते. एक चाक दगडावर चढलेले असताना दुसरे किती खाली उतरून जमीन गाठते, यावर गाडी पुढे जाईल की अडकेल हे ठरते. शॉकअप आखूड असेल तर चाक हवेत लटकते, मग त्यावर कोणतेही नाव छापलेले असो.

लडाख, स्पिती किंवा कच्छच्या रणाकडे जाणाऱ्यांचे गणित याच्या उलट आहे. तिथे पत्र्याच्या पन्हळीसारखे कच्चे रस्ते लागतात, वेग ४०-५० किलोमीटरचा असतो आणि गाडी सामानाने भरलेली असते. चाक सेकंदाला अनेक वेळा वरखाली होते. तेल तापते, पातळ होते आणि त्यात गॅसचे बुडबुडे मिसळले की फेस तयार होतो. फेसातून दट्ट्या जवळपास विनाविरोध सरकतो. सकाळी व्यवस्थित चालणारी गाडी दुपारी होडीसारखी डुलू लागते, याला ‘फेड’ म्हणतात. गाडी थंड झाली की सारे पूर्ववत होते आणि गॅरेजमध्ये दाखवायला काही उरत नाही.

यात तिसरा रस्ता बहुतेक जण विसरतात, तो डांबरी. मुळशीच्या वाटेवर तीन किलोमीटर चिखल तुडवण्यासाठी गाडी जाऊन-येऊन शे-दीडशे किलोमीटर डांबरावर धावते. उरलेले पाच दिवस ती कार्यालयाच्या वाहनतळात असते. शॉकअप निवडताना या किलोमीटरचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा.

ट्विन ट्यूब, मोनोट्यूब, फोम सेल : फरक काय?

बहुतेक गाड्यांत कंपनीकडून येतो तो ट्विन ट्यूब. एका नळीत दुसरी नळी. दट्ट्या आतल्या नळीत, जादा तेल आणि कमी दाबाचा वायू बाहेरच्या नळीत. स्वस्त, प्रवासाला मऊ आणि आडदांड. बाहेरून दगड लागून पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते. मात्र तेल आणि वायू एकाच जागेत असल्याने फेस होण्याची शक्यता याच प्रकारात जास्त, आणि आतली उष्णता बाहेर पडायलाही वेळ लागतो.

मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते. तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यात सरकती तबकडी असल्याने दोन्ही मिसळत नाहीत. तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने उष्णता लवकर निघते. फ्रेंच अभियंता ख्रिस्तियान बुरसिए द कार्बों यांची ही कल्पना जर्मनीच्या ‘बिल्स्टाइन’ने १९५० च्या दशकात मोटारींसाठी उत्पादनात आणली. त्रुटी दोन. नळीला खोल पोचा पडला तर दट्ट्या तिथेच अडकतो. आणि वायूची जागा त्याच नळीत असल्याने तेवढ्याच लांबीत दट्ट्याला धाव कमी मिळते. यावर उपाय म्हणून वायू आणि थोडे तेल वेगळ्या डब्यात ठेवतात. शॉकअपशेजारी लटकणारा ‘रिमोट रिझर्व्हायर’ तो हाच. तेल जास्त, थंडावा जास्त, किंमतही जास्त. शर्यतीच्या किंवा लांब पन्हळी रस्त्यांच्या गाडीला तो उपयोगाचा; मावळातल्या चिखलात त्याचा मुख्य उपयोग छायाचित्रापुरता.

ऑस्ट्रेलियातील कच्च्या रस्त्यांवर लोकप्रिय झालेला फोम सेल हा मधला मार्ग म्हणता येईल. रचना ट्विन ट्यूबचीच, पण बाहेरच्या नळीत मोकळ्या वायूऐवजी बंद छिद्रांचा फोम असतो. तेल दाबले गेले की फोम दबतो, पण वायू तेलात मिसळत नाही. तेलही भरपूर मावते. जड सामान घेऊन लांब जाणाऱ्यांसाठी हा प्रकार पुष्कळदा पुरेसा ठरतो.

काही संचांत कडकपणा बदलण्याची चकती असते. ती मिळाली की अनेक जण सर्वात कडक आकड्यावर नेऊन ठेवतात. परतीच्या धावेचा विरोध जास्त ठेवला तर पन्हळी रस्त्यावर चाक पुढच्या उंचवट्याआधी खाली येऊच शकत नाही. गाडी टप्प्याटप्प्याने खाली बसत जाते आणि अखेर रबरी ठोकळ्यावर आदळते. ‘महाग शॉकअप लावूनही आदळते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

वजनकाट्याचा संबंध काय?

स्प्रिंग वजनाप्रमाणे निवडतात आणि शॉकअप स्प्रिंगप्रमाणे. त्यामुळे पहिला प्रश्न गाडीच्या खऱ्या वजनाचा. जिम्नी सुमारे बाराशे किलोची, थार साधारण पावणेदोन टनांची. एकीला मानवणारा कडकपणा दुसरीला मानवणार नाही, हे उघड आहे. पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्याही सारख्या नसतात. पुढे पोलादी बंपर आणि विंच, वर तंबू, मागे जादा डिझेल आणि पाण्याचे डबे अशी भर पडत गेली की दीड-दोनशे किलो सहज वाढतात, आणि तेही गाडीच्या एकाच टोकाला.

हे मोजणे अवघड नाही. खडी क्रशरजवळ, बाजार समितीत, साखर कारखान्याच्या वाटेवर वजनकाटे असतात. माणसे, इंधन, सामान यांसह गाडी काट्यावर घ्यावी. एकदा चारही चाके, मग फक्त पुढची दोन. समजा पूर्ण गाडी २,१५० किलो आणि पुढची चाके १,०५० किलो भरली, तर मागच्या ॲक्सलवर १,१०० किलो आहेत. हे दोन आकडे पुढे ठेवल्यावर चांगला विक्रेता स्प्रिंगचा क्रमांक आणि त्याला जुळणारा शॉकअप सांगतो. आकडे न विचारता थेट ब्रँड सांगणाऱ्या दुकानदाराबाबत सावध राहिलेले बरे. कोणत्याही शॉकअपने नोंदणी प्रमाणपत्रातील कमाल वजनमर्यादा वाढत नाही, हेही लक्षात ठेवावे.

गाडी ‘लिफ्ट’ केल्यास काय?

दोन इंच उंच स्प्रिंग आणि जुनाच शॉकअप ही जोडी धोक्याची. चाक खाली लोंबताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतून ठोकर घेतो आणि काही महिन्यांत त्याची गळती सुरू होते. उलट, गरजेपेक्षा लांब शॉकअप लावला तर रबरी ठोकळ्याला टेकण्याआधीच तो पूर्ण मिटतो आणि सारा मार दट्ट्याच्या दांड्यावर किंवा चासीवरील ब्रॅकेटवर येतो. म्हणून पूर्ण ताणलेली आणि पूर्ण मिटलेली, अशा दोन्ही लांबी गाडीवर मोजून पाहणे अनिवार्य आहे.

रचनेनुसार परिणामही बदलतात. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि स्प्रिंग शॉकअपवरच बसते. उंची वाढली की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात फिरतात आणि लवकर झिजतात. फक्त वर चकती सरकवून केलेली स्वस्त लिफ्ट यात सर्वात वाईट, कारण चाक मूळ मर्यादेपेक्षा खाली उतरते. जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल असल्याने सांध्यांचा त्रास कमी. पण स्टिअरिंगचा कोन बदलून गाडी महामार्गावर भरकटल्यासारखी वाटू शकते, आणि तो कोन सुधारणारे बुश वेगळे घ्यावे लागतात. दोन्हींत गुरुत्वमध्य वर जातो, तो घाटाच्या वळणावर जाणवतोच.

मूळ शॉकअप काढायची गरज कधी?

गाडी कंपनीने दिली तशीच असेल, वर्षातून चार-सहा वेळाच कच्च्या वाटेवर जात असेल, तर मूळ शॉकअप पुरेसा असतो. त्याच्या आतले तंत्रही आता सुधारले आहे. २०२२ मधील ‘स्कॉर्पिओ-एन’मध्ये लहान, जलद धक्क्यांना मऊ आणि गाडीच्या संथ डोलण्याला कडक राहणारे शॉकअप कंपनीकडूनच येतात. वाटेवर शिरण्याआधी टायरमधील हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत कमी केली तर धक्क्यांत पडणारा फरक अनेक महागड्या संचांपेक्षा जास्त असतो. डांबरावर परतण्याआधी ती पुन्हा भरणे मात्र आवश्यक.

बदलण्याची वेळ आली हे गाडीच सांगते. शॉकअपवर तेलाचे ओघळ, टायरला ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज, ब्रेक मारताच नाक खाली घालणे, ही लक्षणे. बोनेट दाबून पाहण्याची जुनी पद्धत जड गाडीत फारशी कामाची नाही. खडबडीत रस्त्यावरून उतरल्यावर चारही शॉकअपजवळ जपून हात न्यावा. तीन गरम आणि एक गार असेल, तर गार असलेला काम करत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका कायम ठेवली. त्याच मापाचा शॉकअप बसवणे म्हणजे सुटा भाग बदलणे. उंची वाढवून रुंद टायर लावणे ही वेगळी गोष्ट. अपघात झाल्यास विमा कंपनी असे बदल पाहते, आणि वॉरंटीचा दावाही त्यावरून अडू शकतो.

बसवताना काय पाहावे?

शॉकअप किमान जोडीने, म्हणजे एका ॲक्सलचे दोन्ही, बदलावेत. थारच्या पुढच्या शॉकअपवरील दबलेली स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसरशिवाय सोडवणे जिवावर बेतू शकते. हे काम अंगणात करण्याचे नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळले तर चाके जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. म्हणून अखेरचे आवळणे गाडी चाकांवर उभी असताना. त्यानंतर अलाइनमेंट, हेडलाइटचा कोन, ब्रेकच्या नळ्या कुठे ताणल्या तर जात नाहीत ना याची तपासणी. आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर सारे बोल्ट पुन्हा एकदा.