एका माणसाची एकच ओळ

एका रक्तपेढीच्या संगणकातला तक्ता मी पाहिला होता. दर पिशवीमागे एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत दात्याचे नाव, रक्तगट, फोन पुन्हा लिहिलेला. एका दात्याच्या अकरा ओळी होत्या. त्याचा फोन बदलला, तो एकाच ओळीत दुरुस्त झाला. मध्यरात्री ‘ओ निगेटिव्ह’ हवे होते, तेव्हा नेमका जुना नंबर हाती लागला!

आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये तक्त्यांची ही पद्धत मांडली आणि पुढे दोनेक वर्षांत पुनरुक्ती काढण्याचे नियमही घातले. त्यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. पिशवीच्या क्रमांकावरून दाता कळतो. फोन मात्र दात्याचा, पिशवीचा नव्हे. म्हणून ‘दाते’ हा तक्ता वेगळा, त्यात माणशी एक ओळ. ‘रक्तदान’मध्ये पिशवी, तारीख आणि फक्त दात्याचा क्रमांक. ज्याने अजून रक्त दिलेले नाही, अशा इच्छुकालाही मग जागा मिळते. (यादी काढताना दोन्ही तक्ते जोडावे लागतात खरे, पण ते काम यंत्राचे.)

आम्ही तक्ते वेगळे करायला बसलो, तर एका दात्याच्या दोन ओळींत दोन रक्तगट निघाले. आता ठेवायचा होता एकच. कोणता, हे संगणक कसा सांगणार? त्या गृहस्थांना बोलावून पुन्हा तपासणी करावी लागली.