मुंबई-लंडन : अंतर तेवढेच, वेळ निराळा
मुंबई आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. तरीही जाताना परतीच्या प्रवासापेक्षा साधारणतः तासभर अधिक लागतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे असे घडते, हा समज चुकीचा आहे. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरे कारण म्हणजे सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, अर्थात 'जेट स्ट्रीम'. जाताना ते विमानाला अडवतात, येताना पुढे रेटतात.

मार्गही नेहमी सरळ नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर त्यांना वळसा घ्यावा लागला. वेळ आणि इंधनखर्च दोन्ही वाढले. म्हणूनच लंडनहून पुढचे विमान गाठायचे असल्यास केवळ अंतरावर विसंबू नये.