‘पोरं फार’ म्हणणाऱ्यांना वस्तीचा हिशेब दाखवा

“तुमच्या वस्तीत पोरंच फार, म्हणून गरिबी हटत नाही.” दवाखान्याच्या रांगेत, रेशनच्या दुकानात हे वाक्य आपल्याला तोंडावर ऐकवलं जातं. जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांत आरोग्याचं काम करताना आम्हीही ते वारंवार ऐकतो. म्हणून या वेळी लोकसंख्येचा हिशेब समजून घेऊ.

गावची लोकसंख्या तीन गोष्टींनी बदलते: जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. पूर्वी जन्म भरपूर होते, पण मरणंही भरपूर होती. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत तर इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. पुढे लसी आणि औषधं आली, मरणं कमी झाली. जन्म मात्र लगेच कमी झाले नाहीत. त्या मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढली. १९५१ साली देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ साली १२१ कोटी. म्हणजे पोरं जास्त होऊ लागली म्हणून नव्हे, तर ती जगू लागली म्हणून माणसं वाढली. १९७१ मध्ये जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला.

मूल जगेल याची खात्री पटली आणि मुली शिकल्या, की घरं आपणहून लहान होतात. एका बाईमागे सरासरी २.१ मुलं असली तर पुढची पिढी आधीच्या पिढीएवढीच राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण देशात २.०, महाराष्ट्रात १.७ आणि बौद्धांमध्ये सुमारे १.४ निघालं. मोठ्या धर्मसमूहांत सर्वांत कमी आपलंच! पुढच्या वेळी कुणी टोमणा मारला, तर हा आकडा शांतपणे सांगा.

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेलं भाषण पी. जे. रोहम यांनी मांडलं. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या शरीराचे होणारे हाल त्यात होते. ठराव फेटाळला गेला, पण आपल्या आया-बहिणींनी तो विचार जगून दाखवला.

त्याची किंमत मात्र त्यांनी एकट्यांनी मोजली. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषांची नसबंदी शंभरात एकही नाही. बंधूंनो, बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची असते. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. ताकद कमी होत नाही, आठवड्याभरात जड काम करता येतं. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरावा आणि मग तपासणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट मुलींची. घर लहान झालं, पण ‘एक तरी मुलगा हवाच’ हा हट्ट सुटला नाही. राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे. कुणी सुचवली तरी ठाम नकार द्या.

तिसरी गोष्ट म्हाताऱ्यांची. आपली तरुण पोरं पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबईला कामाला जातात. मागे आजी-आजोबा राहतात. त्यांचा रक्तदाब, साखर, मोतीबिंदू कोण बघणार? महिला मंडळाने वस्तीतल्या एकट्या वृद्धांची यादी करावी. महिन्यातून एकदा आशाताईंना सोबत घेऊन त्यांची तपासणी आणि गोळ्या चालू आहेत का, ते पाहावं.

किती मुलं हवीत हे नवरा-बायकोने मिळून ठरवायचं, आणि त्यात बाईचा शब्द आधी ऐकायचा. कारण बाळंतपण तिच्या अंगावर असतं.

जय भीम!